तळहातावरचा थेंब

“सर, हे हातावरून कधी जातं?”

एवढं विचारून शर्वरी भुवड भर सभागृहात एकटीच उभी राहिली. तिच्या डावीकडे नाझनीन ओढणीत तोंड खुपसून हसत होती आणि उजवीकडे पूर्वजा बाकाखाली वाकून पेन शोधल्याचं नाटक करत होती. पैज या दोघींचीच. मधल्या सुट्टीत दोघींचं म्हणणं पडलं होतं की शर्वरी आता दोरीच्या मल्लखांबात जिल्ह्यातून पहिली आलीय, पेपरात फोटो छापून आलाय, चालताना मान जरा जास्तच ताठ असते, तर मग कंपनीच्या साहेबांना सगळ्यांदेखत हा प्रश्न विचारून दाखव. प्रश्न नाझनीनचा होता. तिची खाला, म्हणजे मावशी, डोंगरावरच्या वसाहतीत ‘अलेप’ कंपनीत ठसा विभागात कामाला होती आणि हल्ली तिच्या हातून दिवसाआड एक कप फुटत होता. शर्वरीची आईही त्याच विभागात होती. कपांबद्दल मात्र शर्वरी मैत्रिणींपाशी कधी बोलली नव्हती. तिच्या घरात आता सगळे कप स्टीलचे होते.

वर्षभरापूर्वीची शर्वरी असती तर पैज ऐकूनच तिनं तिथून पळ काढला असता. हजेरीलासुद्धा ती तोंडानं ‘हजर’ न म्हणता नुसता हात वर करायची, आणि बाईंचं लक्ष नसलं की गैरहजर लागायची. मग मल्लखांबाच्या गावणंग सरांनी तिला दोरावर चढवलं. पायाच्या अंगठ्यात आणि बोटात दोर धरायचा, एक वेढा मांडीला द्यायचा, हात मोकळे सोडायचे आणि जमिनीपासून पंधरा फुटांवर पाठीवर आडवं व्हायचं. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी तिला वरून शाळेचं अख्खं मैदान दिसलं, मैदानातली माणसं दिसली, आणि ती सगळी इतकी एवढीशी होती की त्यांना घाबरायचं कशासाठी हेच तिला कळेना. तेव्हापासून शर्वरीचा आवाज फुटला तो फुटलाच.

कंपनीतर्फे शाळेला नवे बाक आणि नवे नळ मिळाले होते, त्याचा हा कार्यक्रम होता. आलेले डॉक्टर परचुरे औषधं देणारे डॉक्टर नव्हते. ‘अलेप’चा लेप ज्यांनी शोधला त्यांच्यातले ते एक. बारीक अंगाचे, चष्म्याच्या काचा सारख्या शर्टाला पुसणारे. त्यांनी एका पत्र्यावर मध ओतला, शाई ओतली, डिंक ओतला. सगळं घरंगळून ताटात पडलं आणि पत्रा कोराच्या कोरा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाकाखाली च्युइंगगम चिकटवणाऱ्यांनी मात्र जरा हात राखूनच.

एक केस घ्या, परचुरे सांगत होते. त्या केसाच्या जाडीएवढ्या जागेत आम्ही चार हजार पट्टे ओढतो. एक पट्टा पाण्यावर जीव टाकणाऱ्या रेणूंचा, शेजारचा पाण्याचं तोंडही न बघणाऱ्या रेणूंचा. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. जंतूला बसायला आणि डागाला धरायला एकाच स्वभावाची थोडी तरी जागा लागते. इथे एका पायाखाली होकार आणि दुसऱ्याखाली नकार, म्हणून तो टेकतच नाही. आता इतके बारीक पट्टे ओढायचे कुणी? पहिली ओळ आम्ही ठशानं उमटवतो, रांगोळीच्या छापासारखी. पुढचं काम रेणूच करतात. प्रार्थनेला पीटीचे सर फक्त पहिली रांग सरळ करतात ना? मागची मुलं पुढच्याच्या मानेकडे बघून आपापली उभी राहतात. हे तसंच.

दवाखान्यांतल्या खाटा, रेल्वेच्या कड्या, यस्टीचे दांडे, सगळीकडे आता हा लेप होता. साथीचे आजार निम्म्यावर आले होते, हे तर विज्ञानाच्या पुस्तकातही छापलं होतं.

शर्वरीच्या प्रश्नावर परचुरे प्रसन्न हसले. हातावर तो बसतच नाही, ते म्हणाले, आणि चुकून बसलाच तर कातडी स्वतःच गळत असते, अठ्ठावीस दिवसांत जुनी जाऊन नवी येते, तिच्याबरोबर लेपही जातो.

पैज इथे संपली होती. शर्वरीनं आता बसायला हवं होतं, पूर्वजा तिचा फ्रॉक खाली ओढत होती. पण तोंडातून पुढचं वाक्य निघूनही गेलं.

“मग माझ्या आईच्या हातावर आठ महिने कसा टिकलाय?”

परचुरेंनी हातातली मधाची बाटली टेबलावर ठेवली. मुख्याध्यापक घाईघाईनं आभार मानायला उठले. परचुरेंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि शर्वरीला विचारलं, आईच्या हाताला नक्की काय होतं.

“काही धरलंच जात नाही, सर. सुई नाही, सुरी नाही. रेशनच्या मशिनवर अंगठा उठत नाही. ठसा विभागातल्या बऱ्याच बायकांचं तसंच आहे.”

नाझनीनचं हसणं थांबलं होतं.

*

संध्याकाळी दिवेलागणीला शर्वरी घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. कंपनीनं दुपारीच ठसा विभागातल्या बेचाळीस बायकांना गाडीत घालून घरी पाठवलं होतं. पुढचा निरोप मिळेपर्यंत यायचं नाही, असं सांगून. बाबा अजून ड्यूटीवर होते. ते चिपळूणच्या आगारात चालक होते, त्यांची गाडी सातला लागायची.

“मला विचारायचंस,” आई वळून न बघता म्हणाली. “भर शाळेत कशाला.”

“तू सांगितलं असतंस?”

आईनं गॅस बारीक केला. तिच्या हातात ते जाड खरखरीत हातमोजे होते, गटार साफ करणारे घालतात तसले. साबणानं हात खराब झालेत, असं ती सगळ्यांना सांगायची.

मग ती बोलली. थांबत थांबत, मध्येच भाजी ढवळत, सगळं सांगितलं. ठसा उमटवायचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो. कंपनीनं दिलेले मोजे घातले की तो सुटा होत नाही आणि घामानं आत पाणी साठतं. ठशाची शाई तर बोटांना चिकटून बसायची. मग कुणीतरी म्हणालं, एवढं काय गो त्यात, फणस कापताना करतो तसं करू. फणसाला हात घालायच्या आधी खोबरेल चोळलं की चीक लागत नाही, हे इथल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. बेचाळीस बायका रोज सकाळी पाळीला बसायच्या आधी ओळीनं हाताला तेल चोळू लागल्या. शाई चिकटेनाशी झाली, काम दीडपट झालं. सुपरवायझरनं कौतुक करून तेलाचा डबाही कंपनीच्या खर्चानं ठेवला.

तीन महिन्यांनी हातातून वस्तू निसटायला लागल्या. आधी आईला वाटलं अशक्तपणा आहे. मग एका सकाळी ती शर्वरीची वेणी घालत होती. तेल लावून झालं, तीन पेड केले, आणि पेड बोटांत थांबेचनात.

“तुझे केस माझ्या हातात होते आणि नव्हते,” आई म्हणाली. “मी घाबरले. म्हटलं, हिला लागायला नको. दोरावरची पोर आहे.”

तो दिवस शर्वरीला चांगला आठवत होता. ‘आता मोठी झालीस, स्वतःची वेणी स्वतः घाल,’ असं म्हणून आई अर्ध्यातच उठून गेली होती. त्यानंतर तिनं कधी शर्वरीच्या पाठीवरून हात फिरवला नाही, ताप आला तर कपाळाला हात लावला नाही, जिल्ह्यात पहिली आली तेव्हा लांबूनच बोटं मोडली. शर्वरी आठवडाभर फुगून बसली होती. मग हट्टानं वेणी शिकली, आणि इतकी छान शिकली की सरावाला येणाऱ्या सगळ्या लहान मुलींच्या वेण्या तीच घालू लागली. मोकळे केस दोरात अडकतात, म्हणून चप्प तेल लावून घट्ट. मुली तिच्यापुढे रांग लावायच्या, आणि तिला फार भारी वाटायचं.

आता तिनं ताटं घेतली.

*

डॉक्टर परचुरे रविवारी दुपारी रिक्षानं आले. कंपनीची गाडी नव्हती, बरोबर कुणी नव्हतं. गेल्या तीन दिवसांत ते बेचाळीसपैकी एकतीस घरं फिरून आले होते. तपासणीचं सामान म्हणजे डोळ्यात औषध घालतात तसली एक बाटली आणि तिच्यात निव्वळ पाणी.

त्यांनी आधी बाबांचा तळहात पुढे घेतला आणि वर एक थेंब सोडला. थेंब पसरला, रेषांमध्ये शिरला, कातडीवर ओल धरून राहिला. चांगला हात असा असतो, ते म्हणाले. बाबांच्या डोक्यावर तेल लावायला केसच उरले नव्हते, आणि आई तर आठ महिने त्यांचं जेवणही पळीनंच वाढत होती.

मग आईनं मोजे काढले. थेंब तिच्या तळहातावर पडला तो अळूच्या पानावर पडावा तसा गोल गरगरीत उभा राहिला, एकदा थरथरला आणि घरंगळून मांडीवर पडला. हात कोरडाच होता.

पकड ताकदीत नसते, परचुरे सांगू लागले. माणसाच्या तळव्याला सतत थोडा ओलावा असतो. त्यानं कातडी मऊ होते आणि धरलेल्या वस्तूच्या खाचाखोचांत भरते, म्हणून वस्तू थांबते. पट्टे उमटलेली कातडी कधी ओली होतच नाही. काचेनं काच धरावी तसं होतं.

“पण अठ्ठावीस दिवसांत जाणार होतं ना?” बाबांनी विचारलं.

जायला हवं होतं. प्रयोगशाळेत जायचं. तिथे त्यांनी शंभर जणांच्या हातांवर लेप लावून बघितला होता, पण ते सगळे हात आधी स्वच्छ धुऊन कोरडे केलेले. तेल लावलेला हात कुणी तपासला नव्हता. प्रयोगशाळेत कुणी फणस कापत नाही, असं परचुरे म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. तेलाचे रेणू लांबट असतात, एक टोक पाण्याकडचं आणि एक पाण्याविरुद्धचं, लेपाच्या रेणूंचीच जणू चुलत भावंडं. लेपाची रांग दिसली की तेही तिच्यामागे तसेच रांगेनं उभे राहतात. मग कातडी गळली तरी बिघडत नाही. छिद्राछिद्रांत थोडी रांग मागे उरतेच, आणि वरचं तेल नाही मिळालं तरी अंगातून झिरपणारं तेल आहेच.

“म्हणजे विरजणासारखं,” आई म्हणाली.

“अगदी तसंच. चमचाभर पुरतं.”

“आणि एकाचं दुसऱ्याला?”

“तेल असेल तर.”

मग त्यांनी शर्वरीचा हात घेतला. डाव्या तळहातावर थेंब पसरला. उजव्यावर बोटांशी पसरला, मध्यावर पसरला. अंगठ्याच्या मुळाशी आठ आण्याच्या नाण्याएवढ्या जागेत मात्र तो उभा राहिला. परचुरेंनी तो टिपून घेतला आणि पुन्हा सोडला. पुन्हा उभा राहिला. त्यांनी तिला पाठ करायला लावून वेणी बाजूला केली. मानेवर केसांच्या मुळांशी थेंब टेकलाच नाही, सरळ घरंगळून पाठीवर गेला.

हे मानेवरचं जुनं आहे, ते हळूच म्हणाले. सात-आठ महिन्यांचं तरी. ही रोज तेल लावते, तिथून हातावर उतरलंय.

आईनं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मोजण्यासारखं फारसं नव्हतंच. वेणी अर्ध्यात टाकून ती उठून गेली त्या दिवशीच ते शर्वरीच्या मानेवर होतं.

“म्हणजे आठ महिने मी हिला उगाच हात लावला नाही,” आई म्हणाली.

बाबांनी उठून विनाकारण खिडकी बंद केली आणि परत उघडली.

शर्वरीनंच विचारलं, आता उपाय काय. मानेचं सोडा, पण हातावरचं एवढंसं तर आहे, कापून काढता येईल का. परचुरे म्हणाले, येईल, आणि मांडीवरची कातडी तिथे लावताही येईल. त्या कातडीतूनही तेल झिरपणारच आणि मानेवरून परत लागणारच. फिरलेल्या घरांत एका बाईच्या भाजलेल्या हाताला अशी कातडी लावलेली होती. थेंब तिथेही उभा राहिला होता.

“किती दिवस आहेत माझ्याकडे?”

“पूर्ण तळहात भरायला? चार महिने. कदाचित पाच.”

राज्य स्पर्धा पुढच्या शनिवारी होती.

मग परचुरेंनी पिशवीतून कागद काढला. जिल्ह्याचा हुकूम होता. ज्याच्या अंगावर खूण सापडेल त्यानं नाव नोंदवायचं. नोंदवलेल्यांनी चोवीस तास मोजे घालायचे, मुलांनी शाळा घरूनच करायची, खेळ, पोहणं, गर्दीचं काही नाही. आईचं नाव त्यात आधीच होतं. शर्वरीच्या नावाची जागा कोरी होती, आणि परचुरेंनी ती तशीच कोरी सोडून कागद घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला.

“मी हिचं लिहीत नाहीये,” ते म्हणाले.

बाबांनी विचारलं, का. उत्तरादाखल परचुरेंनी बाटली उचलली आणि स्वतःच्या डाव्या हातावर थेंब सोडला. तो उभा राहिला.

ते ठसा विभागात कधी बसले नव्हते, खोबरेल तर त्यांनी लहानपणानंतर लावलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबानं ते एखादा वडा खाऊन, बोटं नीट न पुसता, कुठल्यातरी लेपाच्या कडीला धरून उभे राहिले होते. लाखांत एखाद्या वेळी कडीवरची रांग सुटून बोटावर येते. लाखात एक म्हणजे काहीच नाही, पण या देशात रोज किती हात किती कड्यांना लागतात? त्यांनी कंपनीला सगळं लिहून दिलं होतं. कंपनीनं त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं.

“दोन वर्षांत या नोंदीला अर्थ उरणार नाही,” ते म्हणाले. “ज्याचं नाव त्यात नाही, अशी माणसंच शोधावी लागतील. तोवर हिला खेळू दे. एवढं तरी.”

ते गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले की डॉक्टर शहाणा माणूस आहे. आईनं मान हलवली. आणि शर्वरीला, खरं सांगायचं तर, फार हलकं वाटलं. स्पर्धा होती. दोर होता. चार महिने म्हणजे सोळा आठवडे. तिनं तेलाची बाटली फेकून दिली, केस कोरडेच बांधले, खुणेवर औषधी चिकटपट्टी लावली. ती दर दोन तासांनी सुटून पडायची, मग नवी लावायची. मैत्रिणींना सांगितलं, दोरानं सोललंय. नाझनीननं काही न विचारता तिच्याकडे नुसतं बघितलं. तिच्या खालाच्या घरीही परचुरे जाऊन आले होते.

*

बुधवारी सकाळी सरावाला गावणंग सरांनी शर्वरीकडून तिचा आसनांचा सगळा संच दोनदा करून घेतला. दुसऱ्यांदा वर आडवी झाली तेव्हा पुन्हा तेच मैदान, तेच एवढेसे लोक. फक्त अंगठ्याच्या मुळाशी दोर आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. तिथे कातडीला नुसतं गुळगुळीत काहीतरी लागत होतं, जीभ दातावरून फिरवावी तसं. तिनं बाकीच्या हातानं भागवलं. सरांना दिसलं नाही. तिलाच दिसलं.

उतरली तर खाली किमया उभी, लहान मुलींचा सराव या आठवड्यात आजच होता. किमया तिसरीत होती, सगळ्यांत लहान, पुढचे दोन दात पडलेले. गेल्या महिन्यात ती दोरावर निम्म्यापर्यंत पहिल्यांदा चढली होती आणि तिथून ओरडून अख्ख्या शाळेला सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात मात्र दोनदा घसरून गादीवर आली होती. सर म्हणाले होते, पोरगी लक्ष देत नाहीये.

“ताई, मला जादू येते,” किमया म्हणाली. “बघ.”

तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, डाव्या तळहातावर थेंब पाडला आणि हात शर्वरीच्या नाकाशी नेला. तळहातावर एक गोल मोती डोलत होता. किमयानं हात वाकडा केला, मोती बोटांपर्यंत पळाला, परत आणला, मनगटापर्यंत नेला. ती हे खूप वेळ शिकली असणार. कारण मोती एकदाही पडला नाही.

बाकीच्या मुलीही बाटल्या उघडून बसल्या. त्यांचे थेंब पसरत होते, म्हणून त्या हिरमुसल्या होत्या. सान्वीचा एका बोटावर उभा राहिला, तर तिनं टाळ्या पिटल्या. किमया सगळ्यांना शिकवत होती की हात कसा धरायचा.

“दुसरा हात बघू,” शर्वरी म्हणाली.

दुसराही तसाच होता. अख्खा. शर्वरीच्या खुणेसारखा आठ आण्याएवढा नाही. नऊ वर्षांच्या हाताला भरायला वेळ तो कितीसा लागणार.

“भारी आहे ना?”

“भारी आहे,” शर्वरी म्हणाली, आणि हसलीसुद्धा. कारण किमया तिच्या तोंडाकडे बघत होती.

मग किमया नेहमीसारखी पाठमोरी होऊन तिच्यापुढे मांडी घालून बसली. केस मोकळे सोडले. दप्तरातून तेलाची छोटी बाटली काढून खांद्यावरून मागे धरली, तिच्या आईनं दरवेळेसारखी भरून दिलेली.

शर्वरीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. आज वेळ नाही, असं काहीतरी ती म्हणाली. आता तू मोठी झालीस, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. किमयानं वळून बघितलं. काय चुकलं आपलं, असं त्या चेहऱ्यावर होतं. तो चेहरा आतून कसा असतो ते शर्वरीला पुरतं ठाऊक होतं. बाटली तशीच धरून ती थोडा वेळ थांबली, मग झाकण लावायला गेली, तर बाटलीच हातातून निसटली.

*

घरी बाबा तिची स्पर्धेची बॅग भरत होते. पहिल्या पाळीची गाडी लावून मुद्दाम लवकर आले होते. आई शेजारी बसून काय कुठे ठेवायचं ते सांगत होती, कारण घड्या तिच्या मोज्यांत राहत नव्हत्या. नवा जांभळा पोशाख सगळ्यांत वर होता.

शर्वरीनं उभ्या उभ्या किमयाचं सांगितलं. वेण्यांचं सांगितलं, तेलाचं सांगितलं. सान्वीचं बोट सांगितलं. सहा महिन्यांत तिनं ज्यांच्या वेण्या घातल्या त्या सातही जणींची नावं सांगितली.

बाबांचे हात बॅगेतच थांबले. आई घाईनं बोलली. लहान आहे ती, तिला आत्ता कोण तपासतंय. दोन दिवसांचा प्रश्न आहे. शनिवार होऊ दे, मग मी स्वतः तिच्या आईकडे जाईन, माझं नाव सांगेन, तुझं काढणारच नाही.

शाळेपासून घरापर्यंत शर्वरी स्वतःलाही हेच सांगत आली होती, जवळजवळ याच शब्दांत.

“आणि सांगून काय होणार बाय?” बाबा म्हणाले. “डॉक्टर काय बोलले ते ऐकलंस ना. माझ्या गाडीतल्या एकोणीस दांड्यांना तो लेप आहे. शाळेत बाक आहेत. तू घरात बसलीस म्हणून एक हात वाचणार नाही. आज ना उद्या माझाही जायचा. मग स्टिअरिंग कशानं धरू? तेव्हा घरात एक तरी फोटो असू दे, दोरावरचा. राज्याचा.”

शर्वरीला ते खोटं वाटलं नाही. एकही शब्द खोटा नव्हता. तिला दोर हवा होता, इतका हवा होता की पोटऱ्या दुखत होत्या. पुढचं सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. मोजे. पडद्यावरची शाळा. किमयाच्या आईचं तोंड. नाझनीन बाहेर फाटकापाशी उभी. दोन वर्षांनी सगळ्यांच्याच हातात मोजे, आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही राहणार नाही की शर्वरी भुवड नावाच्या मुलीनं स्वतः जाऊन नाव लिहिलं होतं. आईकडे बघवत नव्हतं, तरी तिनं बघितलं.

“मी शनिवारी जात नाहीये,” ती म्हणाली. “आत्ता किमयाच्या घरी चाललेय. माझ्यामुळे झालंय, वेणीमुळे, हे तिच्या आईला मीच सांगणार. मग उरलेल्या सहा घरी. उद्या सकाळी नोंदणीला जाऊन माझं नाव लिहून येणार. त्यानं काही थांबणार नाही, बाबा, मला माहितेय. गावणंग सरांनाही मीच सांगेन, तुम्ही नका सांगू. दोरावर मी आता चढणार नाही.”